नदीचा पडदा

मी पडदा आहे. दाराचा किंवा खिडकीचा नव्हे, दंडारीचा. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास गावातलीच माणसं गावासमोर नाच-गाण्याचं नाटक उभं करतात, त्याला दंडार म्हणतात. त्या दंडारीत पात्रांच्या मागे मी टांगलेला असायचो. आता मी शाळेच्या जुन्या खोलीत मोडक्या बाकांवर पडून आहे. बोलायला इथे कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म १९९२ सालचा. वर्धा जिल्ह्यात, अल्लीपूरच्या बाजूला, यशोदा नदीच्या काठी आमचं गाव. गावच्या दंडार मंडळाकडे त्या वेळी दोनच पडदे होते, दोन्ही नागपूरहून आणलेले. एकावर राजवाडा, दुसऱ्यावर बर्फाचे डोंगर आणि पायथ्याशी हंसांचं तळं. रामाचा वनवास असो की सासू-सुनेचं भांडण, मागे आपला बर्फ पडलेलाच. मंडळाचे अध्यक्ष अण्णाजी. त्यांचं चौकात किराणा दुकान, पण जीव सगळा दंडारीत. त्यांनी हिंगणघाटहून मांजरपाटाचा तागा आणला, शिंप्याकडून तीन पट्टे जोडून घेतले आणि ते कापड हरिदासच्या ओसरीवर नेऊन टाकलं.

"एक नदीचा पडदा काढून दे बाप्पा," अण्णाजी म्हणाले, "वनवासात कामी येते."

हरिदास गावचा पेंटर. बैलबंड्या रंगवायच्या, दुकानांच्या पाट्या लिहायच्या, देवळाच्या खांबांना रंग द्यायचा, अशी त्याची कामं. बोलायला अगदी कमी. त्याची बायको मनकर्णाबाई हिने मोठ्या गंजात चिंचोक्यांची खळ शिजवली आणि दोघांनी मिळून ती माझ्या अंगावर चोपडली. मी वाळत असताना एक बकरी माझा खालचा कोपरा चघळून गेली. तिथे अजून ठिगळ आहे.

हरिदासला मनाने चित्र काढता येत नसे. ही त्याची खोड म्हणा की कमीपणा म्हणा, तो पाहूनच काढायचा. रोज सकाळी तो घाटावर जायचा, एका ठरलेल्या दगडावर बसायचा, तासभर नदी पाहायचा आणि घरी येऊन पाहिलं तेवढंच माझ्यावर उतरवायचा. पहिल्या दिवशी घाटाच्या पायऱ्या आल्या. दुसऱ्या दिवशी काठावरचा उंबर. मग उंबराखालचा डोह, वरून निळा आणि काठाशी हिरवट. तीन आठवड्यांत माझं सगळं अंग भरलं. शेवटी पायरीवर धुणं धुणारी एक बाई आली, हिरव्या लुगड्यातली, पाठमोरी.

अण्णाजी पाहायला आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "समदं बराबर हाय. पण हंस कुठी हाय?"

"आपल्या नदीवर बगळे असतात अण्णाजी. हंस म्या कधी पाह्यलाच नाई, त काढू कसा?"

अण्णाजी हसले. त्या दोघांची तीस वर्षांची मैत्री होती. अण्णाजींना त्याचा असा अडेलपणा आवडायचाही.

त्या दिवाळीत मला पहिल्यांदा वर ओढलं, आणि बायकांच्या बाजूने कुजबुज झाली. "ह्यो त आपला घाट." "अन् ते पाठमोरी आनंदाबाई होय का?" आनंदाबाई म्हणजे अण्णाजींची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली. तिने पदर तोंडावर घेतला आणि खाली मान घालून हसली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती हरिदासच्या घरी आली.

"मायी चोळी पिवळी होती रे. तू लाल काढली."

हरिदासने तिच्यासमोर चोळी पिवळी केली, तेव्हा ती गेली.

पुढची सहा-सात वर्षं माझी चांगली गेली. मला माणसं जास्त मागूनच माहीत आहेत. पुढे रावण गर्जायचा, पण लोकांपुढे जाण्याआधी त्याच रावणाने माझी कड घट्ट धरून ठेवलेली असायची. त्याच्या हाताचा घाम मला लागायचा. सीतेचं काम करणारा गडी मिशी काढताना हळहळायचा आणि लुगडं नेसल्यावर मात्र कुणाला जवळ फिरकू द्यायचा नाही. अण्णाजी माझ्यामागे उभे राहून विसरलेली वाक्यं सांगायचे. हरिदास कधी मागे थांबत नसे. तो समोर, लोकांच्या अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसायचा. मला वाटतं, तो दंडार पाहत नव्हता. नदीच पाहत होता.

दरवर्षी दिवाळीच्या आधी तो मला बाहेर काढून उडालेले रंग भरायचा. त्यासाठीही पुन्हा घाटावर जाऊन बसायचा. मनकर्णाबाई म्हणायची, "तेच पाणी, तोच घाट. पाठ नाई झाला का अजून?" तो नुसता हसायचा.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवपासून नदीवर ट्रॅक्टर उतरू लागले. तिकडे वर्ध्याला लागून पिपरी मेघेत नवे लेआउट पडत होते, घराला घर लागत होतं, आणि त्या घरांना रेती हवी होती. आमच्या गावातही कवेलूची, कौलारू घरं जाऊन स्लॅब येत होते. रेती नेणाऱ्याला कुणी वाईट म्हणत नव्हतं. गावातली पोरं त्याच्याच ट्रॉल्या भरायला जात होती. तेवढ्यात घरोघरी टीव्ही आले आणि दंडारीची माणसंही विरळ होत गेली. मागच्या रांगा आधी रिकाम्या झाल्या. हरिदास मग एकटाच तिथे दिसायचा.

नव्व्याण्णवच्या दिवाळीआधी तो नेहमीप्रमाणे घाटावर गेला आणि परत येऊन ओसरीवर बसून राहिला.

"आज रंग नाई कालवले?" मनकर्णाबाईने विचारलं.

"उंबर पडला."

"कधी?"

"पंधरा दिवस झाले म्हणे. मुयाखालची रेती नेली, त पडला. मले कोणी सांगतलं बी नाई."

"कोण सांगन? तिकडं जाते कोण आता? समदे हापशीवरच धुतात."

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या उंबरावर मातकट रंगाचा पहिला हात फिरवला. मला ते थंड लागलं. सात वर्षं अंगावर असलेलं झाड हळूहळू नाहीसं झालं आणि त्या जागी आडवा पडलेला बुंधा आला. मग तो पायरीवरच्या आनंदाबाईसमोर ब्रश घेऊन थांबला. फार वेळ थांबला. शेवटी त्याने तिच्यावर पायरीचा दगडी रंग चढवला, कारण ती आता तिथे येत नव्हती.

त्या वर्षी कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. पुढच्या वर्षी डोहाचं पाणी निम्मं झालं, म्हणून माझ्यावरही निम्मं झालं. २००१ साली डोहाच्या जागी खड्डे होते, आणि खड्ड्यांच्या काठावर लाल ट्रॉलीचा ट्रॅक्टर. हरिदासने तो ट्रॅक्टर त्याच्या रेडिएटरवर बांधलेल्या झेंडूच्या हारासकट काढला. रागाने काढला असं मी म्हणणार नाही. उंबर जितक्या निगुतीने काढला होता तितक्याच निगुतीने त्याने ट्रॅक्टर काढला.

अण्णाजी आले आणि दारातच थांबले.

"हे का करून ठेवलं हरिदास? सीतामाई याच्यापुढं उभी राहीन?"

"जे हाय ते काढलं."

"आयक. भूपेंद्रभाऊ येऊन राह्यले यंदा पाहुणे म्हणून. दंडारीले पक्कं स्टेज बांधून देतो म्हणतात, वरून टिनाचं छप्पर. आपली दंडार आता तशीच मरून राह्यली. स्टेज झालं त दहा वर्षं अजून जगन. एवढं एक वर्ष जुनं पाणी काढून दे."

भूपेंद्र म्हणजे रेतीचा ठेकेदार, पिपरी मेघेचा. तिशीचा, हसतमुख माणूस.

हरिदासने ब्रश पाण्यात बुडवला, काढला, पुसला. "काढलं असतं अण्णाजी. पण मले आता ते पाणी दिसत नाई."

"मनानं काढ न."

"मनानं काढता आलं असतं त तुमाले हंसच काढून देल्ला असता."

त्या वर्षी अण्णाजींनी राजवाड्याचा पडदा टांगायला सांगितला आणि मला रंगमंचाच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलं. पण भूपेंद्रभाऊ आले, नारळ फोडला आणि खुर्चीवर बसता बसता त्यांनीच विचारलं, "तुमचा तो नदीचा पडदा कुठं हाय अण्णाजी? कॉलेजात होतो तवा मामाकडून पाह्यले आलतो. मले तोच पाह्यचा हाय."

अण्णाजी काहीबाही सांगत राहिले. तोवर हौशी पोरांनी दोरी बांधली आणि मला वर ओढलं.

दिवेलागणीची वेळ होती. समोर शंभरेक माणसं असतील. भूपेंद्रभाऊंनी खड्डे पाहिले, ट्रॅक्टर पाहिला, झेंडूचा हार पाहिला. मग हसले. "ट्रॅक्टर चांगला काढला," म्हणाले. थोड्या वेळाने त्यांना फोन आल्यासारखं झालं आणि ते उठून गेले. आमच्या गावात तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती.

स्टेज आलं नाही. लोकांनी हरिदासला उघड काही म्हटलं नाही. त्याला कामं देणं तेवढं थांबवलं. अण्णाजींनी दुकानाची पाटी हिंगणघाटच्या पेंटरकडून लिहून आणली. ती पाटी लागताना हरिदास चौकातून जात होता. घरी आल्यावर मनकर्णाबाईला एवढंच म्हणाला, "'किराणा'चा 'ण' चांगला नाई जमला त्याले."

दोन महिन्यांनी सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. पुढच्या वर्षीच्या रेतीघाटाच्या लिलावाला गावाची ना-हरकत द्यायची होती. शाळेत झेंडावंदन झालं, लोक पटांगणातच सतरंज्यांवर बसले. हरिदास मला खांद्यावर घेऊन आला. मनकर्णाबाईने दुसरं टोक धरलं होतं. कुणाला न विचारता त्यांनी मला शाळेच्या भिंतीवरच्या खिळ्यांना बांधलं. तहसीलमधून आलेले साहेब कागद वाचत होते, त्यात नदीपात्रास कोणतीही बाधा नाही असं लिहिलेलं होतं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"नदी," हरिदास म्हणाला आणि खाली बसला. त्याला भाषण येत नव्हतं.

थोडं हसणं झालं. कुणीतरी म्हणालं, "आता दंडार करता का इथं?" साहेबांनी पुन्हा कागद उचलला. मला वाटलं, आता मला काढतील. तेवढ्यात बायकांतून आनंदाबाई उठली. तोवर ती फार थकली होती, कमरेत वाकली होती. काठी टेकत ती माझ्याजवळ आली आणि डोळे बारीक करून मला पाहू लागली. तिचा श्वास मला जाणवत होता. ती पायरी शोधत होती. सापडली तेव्हा तिने तिथे नख लावलं.

पावडरच्या रंगाचे थर ते, खळीवर चढवलेले. दगडी रंगाची खपली निघाली. खाली हिरवं दिसलं. तिने आणखी खरवडलं. मला दुखलं, पण मी हललो नाही. हिरवं लुगडं, मग बोटभर पिवळी चोळी.

"मी इथं होती," ती म्हणाली. मग वळून, "मले काऊन पुसलं रे हरिदास?"

हरिदास उभा राहिला. "तुमी येनं सोडलं न बाई."

"पाणी नाई त येऊन का करू?"

कुणी हसलं नाही. आनंदाबाई तिथेच माझ्याजवळ खाली बसली, तिला परत जाण्याइतकं त्राण नव्हतं. मग मागून एक बाई आली आणि डोहाच्या जागी खरवडू लागली. दुसरी आली. निळ्याचे ठिपके बाहेर पडले. साहेब "अहो बाई, अहो ताई" करत राहिले. शेवटी हात वर करायची वेळ आली तेव्हा ना-हरकतीच्या बाजूने नऊ हात होते. विरोधात किती, ते मोजावं लागलं नाही. अण्णाजींनी कुठल्याच बाजूने हात वर केला नाही. ते आपल्या बहिणीकडे पाहत होते.

आता तुम्हाला वाटेल, नदी वाचली आणि सगळं गोड झालं. तसं नाही. आमच्या घाटावरचे ट्रॅक्टर गेले, पण ते दोन कोस खाली दुसऱ्या गावच्या घाटावर गेले. गावातल्या पोरांची मजुरी बुडाली, ती हरिदासच्या नावाने बोटं मोडत. आनंदाबाई त्याच उन्हाळ्यात वारली. दंडार आणखी दोन वर्षं जुन्याच पडद्यांवर चालली आणि २००४ साली अण्णाजींनी नागपूरहून फ्लेक्स आणला. चकचकीत, पाण्याने न भिजणारा, त्यावर धबधबा आणि कुठल्या तरी परदेशातली फुलं. लोक खूश झाले. पाट्यांचीही तीच गत झाली. हिंगणघाटचा तो पेंटरसुद्धा म्हणे पुढे पानाच्या ठेल्यावर बसला.

हरिदासला आता मला रंगवायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी दिवाळी जवळ आली की तो घाटावर जाऊन बसायचा. २००५ साली पाऊस बरा झाला. खड्ड्यांत गाळ भरत आला होता, आणि डोहाच्या जागी माघापर्यंत थोडं पाणी टिकलं. थोडंच. हरिदासने मला ओसरीवर पसरलं. माझं अंग सगळं ओरखड्यांनी भरलेलं होतं, ते त्याने बुजवलं नाही. खड्ड्यांच्या तळाशी हातभर रुंद निळी पट्टी ओढली.

"एवढंच?" मनकर्णाबाईने विचारलं.

"एवढंच हाय अजून."

"जरा मोठं काढाचं होतं. कोण पाह्यते आता?"

"वाढलं त वाढवीन," तो म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि पोळ्याच्या आधी तो गेला. त्याला नेलं तेव्हा मी ओसरीच्या आढ्याला टांगलेला होतो. घरात माणसं आली, गेली, मग बरेच दिवस कुणीच आलं नाही. मनकर्णाबाई माझ्याखाली बसून तांदूळ निवडायची आणि एकटीच बोलायची. कधी त्याच्याशी, कधी माझ्याशी, मला फरक कळायचा नाही. शेवटी तिचा भाऊ केळझरहून तिला न्यायला आला. जाताना तिने मला शाळेत आणून दिलं. गुरुजींना म्हणाली, "पोरायले दाखवजा." गुरुजी चांगले होते, पण त्यांची बदली झाली. नव्या गुरुजींना मी काय आहे तेच माहीत नव्हतं.

दोन वर्षं या खोलीचं दार कुणी उघडलं नाही. बाहेर मुलं कविता म्हणायची, त्या मला पाठ झाल्या.

मग गेल्या महिन्यात, दुपारी, शाळा सुटल्यावर कुलूप वाजलं. अण्णाजी आत आले. एकटेच. केस पूर्ण पांढरे झाले होते. फ्लेक्सची दंडारही बंद पडली होती, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. त्यांनी मला ओढत व्हरांड्यात आणलं, जमिनीवर पसरलं आणि चपला काढून माझ्या कडेला बसले. आनंदाबाईच्या हिरव्या तुकड्यावर त्यांनी हात ठेवला. मग त्या निळ्या पट्टीकडे पाहिलं. ती त्यांनी कधी पाहिलेली नव्हती.

"हे कधी काढलं बे?" ते म्हणाले.

जणू हरिदास बाजूलाच बसला होता. मग म्हणाले, "मी सकाळी घाटावर गेलतो. पाणी हाय. यंदा जरा जास्त हाय."

ते अर्धा-पाऊण तास बसले. कधीकाळी माझ्यामागे उभं राहून सगळ्यांना विसरलेली वाक्यं सांगणारा माणूस, त्याला स्वतःचं वाक्य सापडत नव्हतं. शेवटी उन्हं कलली तशी ते उठले आणि माझी घडी घालू लागले. फार प्रेमाने, दुकानातल्या कापडाची घालावी तशी, कडेला कड जुळवून, हाताने दाबून दाबून. पडद्याची घडी घालायची नसते, तो बांबूवर गुंडाळायचा असतो. इतकी वर्षं हे काम हरिदासचं होतं, अण्णाजींना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. पहिली घडी पडली तेव्हा रंग तडकल्याचा आवाज मला आला. त्यांना ऐकू आला नाही. दुसरी घडी बरोबर निळ्या पट्टीवर पडली. त्यांनी ती पुन्हा एकदा तळहाताने नीट बसवली, मला बाकांवर ठेवलं आणि कुलूप लावून गेले.

तेव्हापासून मी असाच आहे. पट्टीचे किती तुकडे झाले ते मला आतून कळत नाही. कधी ही खोली उघडलीत तर मला रंगवू नका, भिंतीवर टांगूही नका. फक्त घडी मोडा, आणि एखादा बांबू मिळाला तर त्यावर गुंडाळून ठेवा. सैल गुंडाळा. रंगाची बाजू आत.